अक्कलदाढ काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर



मराठीत अक्कलदाढ, हिब्रूत 'शेन बिना' आणि इंग्रजीत 'विस्डम टूथ'. तिन्ही भाषांनी ह्या एकाच दाढेला शहाणपणाचे नाव द्यावे, ही गमतीची गोष्ट आहे. साधारणतः सतरा ते पंचवीस ह्या वयात, म्हणजे माणसाला चार गोष्टींची समज येऊ लागते त्या काळात, ही दाढ उगवते, एवढाच त्या नावाचा अर्थ. परंतु ती काढण्याची वेळ आली म्हणजे मात्र घरातल्या सर्वांच्याच शहाणपणाची परीक्षा होते. आयर्लंडमध्ये आलेल्या आपल्या कुटुंबांत आजी, मावशी, शेजारीण असा गोतावळा हाताशी नसतो. नवरा-बायको दोघेही कामावर जातात. आणि घरातील वडीलधारी माणसे दंतवैद्याच्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलावून 'येस' म्हणतात. म्हणून ह्या विषयाची काही माहिती क्रमाने मांडावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असे नाही. सरळ उगवलेली, स्वच्छ ठेवता येणारी आणि त्रास न देणारी दाढ तशीच राहू द्यावी, असेच मत आज सर्वसाधारणपणे मानले जाते. शेजारच्या ब्रिटनमध्ये तर निरोगी अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, अशी शिफारस २००० साली अधिकृतपणे करण्यात आली. दाढ आडवी होऊन हिरडीत किंवा हाडात अडकली, तिच्यावरची हिरडी वारंवार सुजू लागली, ती किडली, अथवा शेजारच्या चांगल्या दाढेला तिच्यामुळे इजा होऊ लागली, म्हणजे ती काढण्याचा सल्ला दिला जातो. निर्णय एक्स-रे पाहून होतो. खालच्या जबड्याच्या हाडातून एक मज्जातंतू जातो आणि ओठाला व हनुवटीला संवेदना त्याच्यामुळे असते. दाढेची मुळे त्याच्या किती जवळ आहेत हे एक्स-रेत दिसते. दाढ काढल्यावर ओठ, हनुवटी किंवा जीभ काही काळ बधिर राहण्याचा थोडा धोका असतो, आणि क्वचित ही बधिरता कायमची राहते. तेव्हा 'माझ्या बाबतीत हा धोका किती?' असे स्पष्ट विचारावे. असा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान नव्हे.

भीतीविषयीही दोन शब्द लिहिणे योग्य होईल. वेदनेपासून माणसाला मुक्त करण्याच्या इतिहासात ज्या शहरांची नावे घ्यावी लागतात, त्यांत डब्लिन आहे. १८४४ साली तेथील मीथ हॉस्पिटलमध्ये फ्रान्सिस रिंड ह्या शल्यचिकित्सकाने चेहऱ्याच्या असह्य वेदनांनी त्रस्त झालेल्या एका स्त्रीच्या त्वचेखाली, स्वतः बनविलेल्या उपकरणाने मॉर्फिन सोडले. आजच्या इंजेक्शनचा तो आरंभ समजला जातो. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स ह्या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली, आणि ती अक्कलदाढच होती. पुढे १८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर ह्या ज्यू डॉक्टराने केवळ एक भाग बधिर करण्याची रीत दाखवून दिली, आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लिडोकेन हे औषध तयार झाले. आजही दंतवैद्य जबडा बधिर करण्यासाठी ते वापरतात. दाब जाणवेल, आवाज ऐकू येईल, परंतु तीव्र वेदना होता कामा नये. झाल्यास हात वर करावा. आणखी औषध देता येते. मुकाट्याने सोसण्यात पुण्य नाही.

आता पूर्वतयारी. दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात. पहिली, चालू असलेली सर्व औषधे, त्यांत आयुर्वेदिक चूर्णे आणि भारतातून आणलेल्या गोळ्याही आल्या. रक्त पातळ करण्याचे औषध असल्यास ते आपल्या मनाने बंद करू नये; बंद करणे हे पुष्कळदा चालू ठेवण्याहून अधिक घातक ठरते. दुसरी, आजार: मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे, गरोदरपण, तसेच कोणत्या औषधाने अंगावर पुरळ येते ते. तिसरी गोष्ट, घराण्यात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे काय. आपल्या पूर्वजांनी हे फार पूर्वी ओळखले होते. एका मातेचे दोन मुलगे सुंतेनंतर दगावले असता तिसऱ्याची सुंता करू नये, असा निर्णय तालमूदच्या येवामोत भागात आहे. रक्तस्रावाची प्रवृत्ती कुटुंबातून येते ही जाणीव त्यामागे आहे. तेव्हा मामाला किंवा भावाला असा त्रास झाला असल्यास तो लपवू नये.

पान, सुपारी, तंबाखू किंवा मिशरीची सवय असल्यास तीही सांगावी. वर्षानुवर्षे सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड पुरते उघडत नाही. आयरिश दंतवैद्याला हा प्रकार नित्य पाहावयास मिळतोच असे नाही. त्याला कारण कळले तर उपचार सोपा होतो. वेदनेचे वर्णनही जरा विचार करून करावे. ठणका, कळ, सणक, शिणशिण हे भेद आपली भाषा सहज करते. इंग्रजीत मात्र आपण सर्वांना 'पेन' ह्या एकाच शब्दात कोंबतो. दुखणे सतत आहे की थांबून थांबून, रात्री वाढते काय, कानापर्यंत जाते काय, हे घरातील तरुणांनी वडील मंडळींना विचारून लिहून द्यावे.

खर्चाची बाजू अशी. मेडिकल कार्ड असलेल्या प्रौढांना एचएसईशी करार केलेल्या दंतवैद्याकडे ठरावीक उपचार मिळतात, व दात काढणे त्यांत येते. दाढ शस्त्रक्रियेने काढावयाची असल्यास मंजुरीविषयी आधी विचारून घ्यावे. पीआरएसआयची पुरेशी वर्गणी भरलेल्यांना वर्षातून एकदा तोंडाची तपासणी विनामूल्य होते. खाजगी खर्चाने हिरडीत अडकलेली दाढ शस्त्रक्रियेने काढल्यास त्या खर्चावर २० टक्के करसवलत मिळते. त्यासाठी 'मेड २' नावाचा फॉर्म दंतवैद्याकडून भरून व सही करून घ्यावा आणि चार वर्षांच्या आत मागणी करावी. साध्या रीतीने काढलेल्या दाताला ही सवलत लागू नाही. अवघड दाढ असल्यास दंतवैद्य तज्ज्ञाकडे, अथवा डब्लिन किंवा कॉर्क येथील विद्यापीठाच्या दंत रुग्णालयाकडे पाठवितो.

दिवस कोणता निवडावा, ह्याचाही विचार हवा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक असते, आणि पुढे सांगितलेला मुख्य बिघाडही बहुधा तिसऱ्या दिवसाच्या सुमारास उद्भवतो. दाढ गुरुवारी काढली तर तो दिवस शनिवार-रविवारी येतो; दवाखाना बंद आणि आपला शब्बाथ. म्हणून सोमवार किंवा मंगळवार सोयीचा. पेसाहच्या आधीचे दिवस टाळावेत, कारण मत्सा कडक असते आणि तिचे कण जखमेत रुततात. दरफाळणीच्या सणाच्या तोंडावरही दाढ काढू नये. ताज्या जखमेला पाणी हवे असते. टाळता आलेच नाही तर उपवासाविषयी डॉक्टर आणि रब्बी दोघांनाही विचारावे. लीव्हिंग सर्टच्या परीक्षा जूनमध्ये सुरू होतात; मुलाची दाढ तीव्र त्रास देत नसेल तर काम मे महिन्यात काढू नये, असे एक शिक्षक ह्या नात्याने सुचवावेसे वाटते.

पूर्ण बेशुद्धीची भूल देणार असतील तर साधारणतः सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही वर्ज्य असते. रुग्णालयाची सूचना अक्षरशः पाळावी. घरी नेण्यास आणि रात्रभर सोबत राहण्यास एक मोठे माणूस हवेच. ज्यांचे येथे कोणी नाही, त्यांनी संकोच न करता समाजातील एखाद्या कुटुंबाला सांगावे.

आता ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दाढ निघाल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी जमते. ती गुठळी म्हणजे घाण नव्हे. तिच्या खाली उघडे हाड आणि मज्जातंतूंची टोके झाकली जातात आणि तिच्या आधारानेच नवी हिरडी भरून येते. दाढ काढणे हे डॉक्टरांचे काम; गुठळी राखणे हे आपले. पथ्याचे सारे नियम ह्या एका वाक्यातून निघतात. गॉजची घडी अर्धा तास न बोलता दाबून धरावी. पहिले चोवीस तास चुळा भरू नयेत, जोराने थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये, गरम चहा घेऊ नये, व्यायाम करू नये. धूम्रपान निदान दोन-तीन दिवस, आणि जमल्यास आठवडाभर, वर्ज्य करावे. गालावर बाहेरून बर्फ टॉवेलात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, मग तितकाच वेळ काढावा. झोपताना डोके उंच ठेवावे. चोवीस तासांनंतर मात्र कोमट पाण्यात चमचाभर मीठ घालून, जेवणानंतर हलकेच चूळ फिरवावी. मीठपाणी आपल्या घरोघरी आहेच. फक्त ते एक दिवस थांबून वापरावयाचे.

घरगुती उपायांविषयीही हाच न्याय. लवंगेचे तेल निरुपयोगी नाही. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य दंतवैद्य स्वतः औषधी पट्टीत वापरतात. परंतु ताज्या जखमेत आपल्या हाताने तेलाचा बोळा कोंबला तर गुठळी निघून येते. हळद, मिशरी, ब्रँडीचा बोळा ह्यांचेही तेच. अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात धरल्यास हिरडी भाजते.

पॅरासिटामॉल बधिरता उतरण्यापूर्वीच घ्यावी. प्रौढांनी ५०० मिलिग्रॅमच्या आठांहून अधिक गोळ्या चोवीस तासांत घेऊ नयेत. सर्दीच्या पुष्कळ औषधांतही तेच द्रव्य असते, हे विसरू नये. आयबुप्रोफेनने सूज उतरते, परंतु दमा, पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारे औषध असल्यास आधी विचारावे. मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक दिले असेल तर ते चालू असेपर्यंत आणि नंतर दोन दिवस मद्य वर्ज्य आहे. मग किद्दुशचे काय? आपल्या आजीपणजींनी काळ्या मनुका भिजवून जे शरबत केले, तेच येथे कामास येते.

आहार मऊ आणि कोमट असावा: मुगाची पातळ खिचडी, भाताची पेज, केळे, दही, कुस्करलेला बटाटा, ओटची लापशी. येथील चाउडर नावाचे दाट सूप मऊ असले तरी त्यात बहुधा शिंपले असतात, आणि तयार जेलीत जिलेटिन असते. म्हणून चौकशी केल्यावाचून घेऊ नये. त्याऐवजी आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे कॅरागीन हे समुद्रशेवाळ आणावे. आपल्या चायना ग्रासप्रमाणेच ते शिजवले की थिजते. नारळाच्या दुधात केल्यास कोंबडीच्या सुपानंतरही निर्धास्तपणे चालते.

बरे होत असल्याची खूण सोपी आहे: दुखणे तिसऱ्या दिवसानंतर दररोज थोडे कमी व्हावे. कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढले, ठणका कानापर्यंत गेला, तोंडाला घाण वास व चव आली, तर गुठळी निघून हाड उघडे पडले असे समजावे. दंतवैद्य ह्याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. धूम्रपान करणाऱ्यांत आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते. हा आपला दोष मानून लपवू नये. जखम धुऊन औषधी पट्टी बसविली की बहुधा लवकर आराम पडतो. ताप, वाढती सूज अथवा पू असल्यास त्याच दिवशी दाखवावे. गॉज अर्धा तास घट्ट दाबूनही रक्त वाहतच राहिले, गिळता येईना, किंवा श्वास घेण्यास अडचण वाटू लागली, तर ११२ किंवा ९९९ ला दूरध्वनी करावा. शब्बाथ असला तरी क्षणभर थांबू नये. जीव वाचविणे सर्व नियमांच्या वर आहे.

टाके बहुधा विरघळणारे असतात व एक-दोन आठवड्यांत जातात. बऱ्याच घरांत बरे वाटल्यावर एलियाहू हन्नावीच्या नावाने मलिदा करण्याचा नवस बोललेला असतो. तो अवश्य फेडावा. मात्र पोहे आणि खोबऱ्याचे तुकडे चावण्याजोगी हिरडी भरून येईपर्यंत, निदान दोन आठवडे, धीर धरावा. सर्वांस उत्तम आरोग्य लाभो, हीच प्रार्थना. आमेन.