गाठीवरची खूण आणि ढिगातला कापूस

कापसाच्या गाठीवर रंगवलेली अक्षरं वाचायची सवय मला लहानपणीच लागली. वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात गाठींच्या थप्प्या लागलेल्या असत. प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण, लॉट नंबर आणि गाठीचा क्रमांक. ही पद्धत कुणी आणि कशासाठी पाडली, याचा शोध घेण्याच्या नादात मी जुने कायदे आणि अहवाल वाचू लागलो. म्हणूनच युरोपीय संघाच्या ‘डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट’बद्दल पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला त्यात तंत्रज्ञानापेक्षा मुंबई इलाख्यातलं एक जुनं भांडण अधिक दिसलं.

पासपोर्टाची तोंडओळख आता बहुतेकांना आहे. युरोपीय संघाचा 2024/1781 क्रमांकाचा नियम 18 जुलै 2024 रोजी लागू झाला. त्यानुसार वस्तूवर एक कोड असेल आणि तो स्कॅन केला की वस्तू कशाची, कुणी, कुठल्या कारखान्यात बनवली, दुरुस्तीचं आणि पुनर्वापराचं काय, हे कळेल. बॅटऱ्यांसाठीचा पासपोर्ट एका वेगळ्या नियमाखाली फेब्रुवारी 2027 पासून सक्तीचा होतो आहे. कपडे अग्रक्रमाच्या यादीत आहेत, पण त्यांचे तपशीलवार नियम अजून ठरायचे आहेत. तिरुपूर, सुरत, इचलकरंजीचे निर्यातदार आतापासूनच कामाला लागले आहेत, यात नवल नाही.

आता 1863 सालात जाऊ. अमेरिकेत यादवी पेटलेली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडलेल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आलेला. हा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. त्याची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. भाव चढला तशी भेसळही चढली. गाठीत सरकी, माती, पाणी आणि चांगल्या कापसाच्या पोटात हलका कापूस. भेसळीविरुद्ध मुंबई सरकारचा एक कायदा 1829 पासूनच होता, पण त्याचा धाक उरला नव्हता. 1863 मध्ये ‘कॉटन फ्रॉड्स ॲक्ट’ आला आणि कापसाच्या व्यवहारावर सरकारी निरीक्षक बसले.

या काळातला एक माणूस मला फार ओढ लावतो. वॉल्टर रिचर्ड कॅसल्स हा मुंबईतल्या पील, कॅसल्स आणि कंपनीचा भागीदार. 1862 मध्ये त्याने सरकारी दप्तर चाळून मुंबई इलाख्यातल्या कापसाच्या लागवडीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. 1863 ते 1865 या काळात तो मुंबईच्या कायदेमंडळात होता. पुढे इंग्लंडात परतल्यावर, 1874 मध्ये, ख्रिस्ती चमत्कारांच्या पुराव्यांची चिरफाड करणारा ‘सुपरनॅचरल रिलिजन’ हा ग्रंथ त्याने निनावी छापला. त्यावर मोठं वादळ उठलं, आणि लेखक कोण हे बराच काळ गुपित राहिलं. कापूस आणि धर्मशास्त्र ही दोन टोकं, पण माणूस एकच आहे हे त्याच्या प्रश्नावरून ओळखू येतं. एखादी साक्ष आपल्यापर्यंत पोहोचली, तर ती मुळात कुणी, कधी आणि किती जवळून पाहून दिली? चमत्कारांच्या कथांना त्याने हाच प्रश्न विचारला. गाठीवरच्या खुणेलाही हाच प्रश्न विचारायला हवा, असं मला वाटत आलं आहे.

1863 च्या त्या कायद्यावरून व्यापाऱ्यांतच दोन तट होते. एकाचं म्हणणं, धाकाशिवाय भेसळ थांबणार नाही. दुसऱ्याचं म्हणणं, स्वच्छ आणि घाण कापसाला बाजारात जोवर जवळपास एकच भाव मिळतो, तोवर निरीक्षक काहीही करू शकणार नाही आणि त्याचा जाच मात्र सगळ्यांना होईल. 1878 मध्ये कायदा नव्याने केला गेला आणि 1880 च्या दशकात तो गुंडाळावा लागला. माझं मत विचाराल तर भावाचा मुद्दा मांडणाऱ्यांना रोगाचं मूळ नेमकं कळलं होतं. मात्र त्यांनी उपाय सुचवला नाही, कारण स्वच्छ कापसाला जास्त भाव देणं त्यांच्याच हातात होतं आणि ते त्यांना द्यायचं नव्हतं.

चाळीसेक वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा सरकारदरबारी आला. 1917-18 च्या इंडियन कॉटन कमिटीच्या पाठोपाठ इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी उभी राहिली. सुरत-नवसारीसारख्या नावाजलेल्या पट्ट्यात बाहेरून हलका कापूस आणून तो तिथलाच म्हणून विकू नये, यासाठी 1923 चा कापूस वाहतूक कायदा झाला. 1925 मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला आणि प्रत्येक गाठीवर कारखान्याची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक घालणं बंधनकारक ठरलं. मी लहानपणी वाचत होतो ती अक्षरं ह्या कायद्यातून आलेली. 1924 मध्ये माटुंग्याला कमिटीची प्रयोगशाळा निघाली. आजची ‘सिरकॉट’ ती हीच.

1925 ची खूण प्रेसचं नाव सांगते. शेतकऱ्याचं, गावाचं, बियाण्याचं नाव ती सांगत नाही, कारण गाठ बांधली जाईपर्यंत ती नावं ढिगात मिसळून गेलेली असतात. गाठीच्या अलीकडचं सगळं निनावीच राहिलं.

ह्या निनावी जागेतून काय घडतं, ते ऑक्टोबर 2020 मध्ये जगाने पाहिलं. सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक ठरवणाऱ्या ‘गॉट्स’ या संस्थेने जाहीर केलं, की भारतातल्या कच्च्या कापसाची बनावट व्यवहार-प्रमाणपत्रं दाखवून पुढची खरी प्रमाणपत्रं मिळवली गेली आहेत. संशयाखाली आलेला कापूस होता 20,000 टन. गाठींत मोजला तर सुमारे 1 लाख 17 हजार गाठी. 11 कंपन्यांवर बंदी आली. सगळ्यांत बोलका तपशील क्यूआर कोडचा. बनावट कागदांवर कोड होता, तो स्कॅनही होत होता, आणि स्कॅन करणाऱ्याला ‘अपेडा’च्या ट्रेसनेट या सरकारी संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेवर नेऊन सोडत होता. कागद तपासणाऱ्याने आपलं काम चोख केलं, तरी तो फसला. एकदा खोटी नोंद आत शिरली, की पुढची प्रत्येक खरी नोंद तिला प्रतिष्ठा देत जाते.

म्हणून मला जिनिंगच्या आवाराकडे बोट दाखवायचं आहे. हंगामात तिथे उभं राहिलं की कळतं. गाडी काट्यावर चढते, काटापट्टी फाटते आणि कापूस ढिगावर रिकामा होतो. त्या क्षणी त्या शेतकऱ्याचा कापूस ओळखण्याची शेवटची संधी संपते. त्यातही आलेली गाडी शेतकऱ्याचीच असेल असं नाही. खेडा खरेदीत व्यापाऱ्याने दहा घरांचा माल आधीच एकत्र केलेला असतो. बियाणं अनेकदा बिनबिलाचं, कारण तणनाशक सहन करणाऱ्या बिगरपरवाना वाणाची पावती कोण देणार? पुढे सूतगिरणीत अनेक गाठी शेजारी मांडून त्यांचं मिक्सिंग होतं, तेव्हा गाठीही एकमेकींत विरघळतात. पासपोर्टासाठी युरोपच्या नियमात जी सर्वसाधारण यादी आहे, तिच्यात उत्पादकाचा, आयातदाराचा, व्यवहार करणाऱ्यांचा आणि जागांचा ओळख क्रमांक आहे. शेतकरी असा स्वतंत्रपणे तिच्यात कुठेच येत नाही. आपल्याकडे कॉटन कॉर्पोरेशनच्या गाठींवर आता क्यूआर कोड आला आहे आणि ‘कस्तुरी’ ह्या नाममुद्रेखालीही गाठींचा माग ठेवला जातो. दोन्ही प्रयत्न मोलाचे आहेत. पण 1925 प्रमाणेच त्यांचा भर गाठीवर आहे.

ढिगाच्या आधी जाणं अशक्य आहे, असं जिनवाले सांगतात. मला ते पटत नाही. साधा हिशेब करून पाहा. साधारण पाच क्विंटल कापसातली सरकी काढली की 170 किलोची एक गाठ होते. विदर्भातल्या कोरडवाहू जमिनीत बऱ्याच ठिकाणी एकरी उतारा तेवढाच पडतो. म्हणजे एकराला गाठ. शंभर गाठींच्या लॉटला पाचशे क्विंटल कापूस लागतो आणि तेवढा कापूस पन्नासेक शेतकऱ्यांचा, एका गावाचा, सहज असतो. प्रत्येक शेतकऱ्याचा ढीग वेगळा ठेवता येणार नाही, हे कबूल. गावाचा ढीग वेगळा ठेवता येतो. लॉट नंबरला पन्नास काटापट्ट्या जोडल्या, त्यांची बेरीज आणि निघालेल्या रुईचं वजन जुळवलं, तर एका गावच्या नावावर दोन गावांचा माल खपवणं अवघड होतं. शंका आलीच, तर तंतूतल्या समस्थानिकांवरून कापूस कुठल्या प्रदेशातला हे तपासणारं शास्त्र आता हाताशी आहे.

ढीग वेगळा ठेवायला जागा लागते, मजुरी लागते, आणि हंगामाच्या गर्दीत यंत्र थोडं थांबवावं लागतं. हा खर्च जिनवाल्याच्या आणि शेतकऱ्याच्या माथी मारला, तर 1863 च्या कायद्याचं जे झालं तेच पासपोर्टाचं होईल. कागद पुरे होतील, माल तसाच राहील. पासपोर्टामुळे कपड्याला परदेशात चढा भाव मिळणार असेल, तर त्यातला ठरलेला वाटा लॉटच्या यादीतल्या नावांवर जमा व्हावा, नोंदीची प्रत शेतकऱ्याला मिळावी आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेण्याचा हक्क त्याला असावा. आपल्या नावाने दुसऱ्याचा माल विकला गेला, तर तोटा आपला, हे ज्याला ठाऊक आहे, तोच त्या नोंदीची राखण करील. निर्यातदारांच्या संघटनांनी आणि आपल्या सरकारने युरोपशी बोलताना ही मागणी आत्ताच, नियम ठरण्याआधी, पुढे रेटली पाहिजे.