चांदी, कडुनिंब आणि बुळबुळीत किल्ला

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा वर्गातल्या कपाटामागे कुणाची तरी पाण्याची बाटली सापडली. सुट्टीभर त्यात पाणी तसंच! आत बोट घातलं तर बुळबुळीत. खळखळून विसळली तरी बुळबुळीतपणा जाईना. शेवटी ब्रशने घासली तेव्हा कुठे निघाला.

हा थर म्हणजे जिवाणूंची वसाहत. तिला म्हणतात ‘बायोफिल्म’. एकेकटे पोहणारे जिवाणू कशाला तरी चिकटतात, तिथेच वाढतात आणि स्वतःभोवती चिकट द्रव्याचा कोट बांधतात. सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला जो थर लागतो ना, तोही असाच. १६८३ साली हॉलंडमधल्या लेव्हेनहूकने आपल्याच दातांवरचा थर खरवडून भिंगाखाली पाहिला, तर आत वळवळणारे जीव!

बाटली घासता येते हो. पण हाच थर रुग्णाला लावलेल्या लघवीच्या नळीत किंवा भाजलेल्या जखमेवर जमला तर? तिथे ब्रश कसा चालवणार? औषध द्यावं, तर ते कोटाच्या आत नीट पोचत नाही. शिवाय आतले काही जिवाणू जणू झोपलेले असतात, आणि बरीचशी औषधं चालतात ती वाढणाऱ्या जिवाणूंवर. त्यात आता काही जिवाणू मुळातच अँटिबायोटिकला दाद देईनासे झालेत. २०१९ या एकाच वर्षात अशा जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा चांदीकडे वळले. चांदी जंतूंना मारते, हे तसं जुनंच. जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉ. क्रेडे १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालू लागले, आणि कितीतरी बाळांची दृष्टी वाचली. (मतदानाला आईबाबांच्या बोटावर लावतात त्या शाईतही हेच असतं. म्हणून तर तो डाग दिवसेंदिवस जात नाही!)

आता चांदीचे नॅनोकण करतात. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर. जिवाणू साधारण हजार नॅनोमीटरचा, तर हे कण शंभराहूनही कमी. म्हणजे हत्तीपुढे मांजर! हे कण बनवायला बऱ्याचदा विषारी रसायनं लागत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम चक्क कडुनिंबाच्या पाल्याकडून करून घेतलं. त्यांचा शोधनिबंध २००४ साली आला. पाला उकळून काढा करायचा आणि तो सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात घालायचा. पानातली द्रव्यं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, त्यांचे धातूचे कण बनतात. तीच द्रव्यं कणांवर पातळ वेष्टनही चढवतात, म्हणून कणांच्या गुठळ्या होत नाहीत. मिश्रण हळूहळू तपकिरी होतं. चांदी आणि तपकिरी? हो! इतक्या बारीक कणांवर पडलेला प्रकाश वेगळाच वागतो. (घरी करून बघू नका हं. सिल्व्हर नायट्रेटने कातडी काळी पडते, डोळ्याला तर फारच वाईट.)

पुढे अनेक ठिकाणी निरनिराळ्या पानांपासून असे कण करून ते बायोफिल्मवर सोडून पाहिले गेले. लहान कण कोटात शिरतात, चांदीचे आयन सोडतात, आणि ते आयन जिवाणूच्या आवरणावर आणि प्रथिनांवर हल्ला करतात. एकाच वेळी अनेक ठिकाणी मार बसतो, म्हणून जिवाणूला सुटका अवघड.

पण अशक्य नाही. १९७५ साली अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयात, जळितांच्या विभागात, चांदीलाही न जुमानणारे जिवाणू सापडले होते. चांदी जास्त झाली तर आपल्या पेशींनाही इजा होते, आणि ‘चांदीचं पाणी’ वर्षानुवर्षं पिणाऱ्यांची कातडी निळी-करडी पडते, ती कायमची. तेव्हा पालकांनो, असल्या बाटल्या घेऊ नका. चांदीची मलमं आणि पट्ट्या डॉक्टर वापरतातच. पाल्यापासून केलेले कण मात्र अजून बहुतेक प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतच आहेत. तिथून जखमेपर्यंत जायचं, तर किती चांदी पुरे आणि किती जास्त, हे आधी ठरायला हवं. शिवाय प्रत्येक खेपेला कण सारखेच निघायला हवेत, आणि पाला तर दर ऋतूत बदलतो!