तिन्ही काळांची बैठक

आमच्या विद्यापीठाच्या आयपीआर सेलची, म्हणजे बौद्धिक संपदा कक्षाची, बैठक तीनची असते आणि सव्वातीनला सुरू होते. अधिष्ठाता, वित्त व लेखा अधिकारी, विधी अधिकारी, मुंबईच्या पेटंट एजंट मॅडम आणि मी. चहा, मारी बिस्किटं आणि फायली. प्रत्येक फायलीच्या तोंडाशी एक फॉर्म असतो: काय शोधलं, कोणी शोधलं, पैसे कोणाचे, आधी कोणाला सांगितलंय का. पहिल्यांदा आलो तेव्हा मला वाटलं होतं, चर्चा पहिल्या प्रश्नावर रंगेल. मॅडम मात्र फॉर्म हातात आला की आधी शेवटचा प्रश्न बघतात.

पहिली फाइल पाण्यातलं फ्लोराइड काढणाऱ्या गाळणीची. रसायनशास्त्राचे सर हौसेने नमुना घेऊन आले होते.

“कुठे छापलंय?”

“नाही मॅडम. पेटंटसाठी पेपर मुद्दाम थांबवलाय.”

“आणि विद्यार्थ्याचा प्रबंध?”

सर गप्प. मॅडमनी मोबाइलवर ‘शोधगंगा’ उघडलं. प्रबंध तिथे होता, तक्त्यांसह, आठ महिन्यांपासून. पीएचडीचा प्रबंध तिथे ठेवायचा ही यूजीसीची अट. आमच्या ग्रंथालयाने ती तत्परतेने पाळली होती. अर्जाच्या तारखेआधी शोध जगजाहीर झाला की त्याचं नवेपण संपतं, मग तो खुद्द संशोधकानेच का जाहीर केलेला असेना. कायद्यात सवलती आहेत, पण मोजक्या. त्यांत हे बसत नव्हतं.

“प्रबंधात नसलेलं काही आहे?” मॅडमनी विचारलं. गाळणी पुन्हा वापरण्याजोगी करायची एक रीत नंतर सापडली होती. “तेवढ्याचाच क्लेम करून बघू. पण प्रबंध वाचून जाणकाराला ती सहज सुचली असती असं परीक्षकाला वाटलं, तर तेही गेलं.” सरांनी गाळणी पुन्हा कागदात गुंडाळली.

दुसरी फाइल सेन्सरची. शोध चांगला, कुठे छापलेला नाही. इथे अडलं ते मालकीवर. प्राध्यापक नोकरीत आहेत म्हणजे शोध विद्यापीठाचा, असं आपण धरून चालतो. १९७० च्या पेटंट कायद्यात तसं आपोआप होत नाही. हक्क आधी शोधणाऱ्याचा. तो दुसऱ्याकडे जातो तो लेखी असाइनमेंटने, म्हणजे हस्तांतराच्या कागदाने. पीएचडीची विद्यार्थिनी तर नोकरीतही नव्हती, फेलोशिपवर होती. शिवाय तिने चाचण्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत केल्या होत्या.

“तिथे कशावर सही केलीस?” मॅडमनी विचारलं.

“गेटवरच्या रजिस्टरवर. आणि एक दोन पानी कागद होता.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि स्टॅनफर्डची गोष्ट सांगितली. तिथल्या एका संशोधकाने रुजू होताना लिहून दिलं होतं, की शोधाचे हक्क विद्यापीठाला देण्याचं मी मान्य करतो. पुढे तो सीटस या कंपनीत पीसीआरचं तंत्र शिकायला गेला. तिथल्या कागदात होतं, ‘याद्वारे हक्क देत आहे’. रक्तातला एचआयव्ही मोजण्याची पद्धत त्या कामातून उभी राहिली, सीटसचा पीसीआरचा व्यवसाय रोश कंपनीने घेतला आणि भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०११ मध्ये स्टॅनफर्ड हरलं. त्याआधी खालच्या न्यायालयाने दोन वाक्यांतला फरक नेमका धरला होता: एक नुसतं वचन, दुसरं प्रत्यक्ष देणं.

विधी अधिकाऱ्यांनी आमच्या नेमणूकपत्राचा नमुना काढला. “...हक्क विद्यापीठाकडे सुपूर्द करण्यास मी बांधील राहीन.” त्यांनी वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हळू. सेन्सरची फाइल कंपनीचा तो कागद येईपर्यंत थांबली.

तिसरी फाइल जुनी: डाळिंबावरच्या फवारणीचं नोझल. पेटंट मिळालेलं, शोधणारे सर निवृत्त. प्रश्न नूतनीकरणाचा. सातव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत शैक्षणिक संस्थेला वर्षाला २,४०० रुपये फी पडते. २०२१ पासून संस्थांना फीत ऐंशी टक्के सवलत आहे. “एवढेच ना? भरून टाका,” वित्त अधिकारी म्हणाले. शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ क्रमवारीत पेटंटची गणती होते, त्यामुळे यादीतलं एकही नाव गाळायला कोणी धजत नाही.

मॅडमनी फॉर्म २७ पुढे सरकवला. पेटंट भारतात वापरात आहे की नाही, हे पेटंटधारकाला त्यात ठरावीक मुदतीने सांगावं लागतं. आमच्या प्रतींवर आजवर एकच उत्तर होतं: नाही.

दाराजवळच्या खुर्चीत बसलेले निवृत्त सर तेव्हा पहिल्यांदा बोलले. “विद्यापीठाला नको असेल तर मला परत द्या. सांगोल्यात एक फॅब्रिकेटर आहे, तो बनवायला तयार आहे. तुमच्या कपाटात राहून त्याचं काय होणार?”

आमच्या धोरणात हक्क मिळवण्याची कलमं बारा होती, परत देण्याचं एकही नव्हतं. थोडी कुजबुज झाली. अधिष्ठाता म्हणाले, व्यवस्थापन परिषदेपुढे ठराव ठेवू, मसुदा आत्ताच करा.

विधी अधिकारी सांगू लागले, लिपिक टाइप करू लागला. “सदर पेटंटचे सर्व हक्क विद्यापीठ संशोधकास देईल...”

“‘देईल’ नको,” मॅडम म्हणाल्या. “‘देत आहे’ लिहा.”