हिशोब सांगणं ही मेंबरची मेहेरबानी नाही

"आमचा मेंबर चांगला आहे, विचारलं की सगळं सांगतो." चकलांब्याच्या बाजारात, उमापूरच्या बाजूला, गेवराईला जाणाऱ्या गाडीत हे वाक्य सारखं कानावर पडतं. तेवढ्याच वेळा दुसरंही ऐकू येतं : "आमचा मेंबर काही सांगतच नाही, मग आपण काय करणार?" एकात कौतुक आहे, दुसऱ्यात हतबलता. पण दोन्ही बोलणाऱ्यांची समजूत एकच आहे. ग्रामपंचायतीत काय चाललंय ते गावाला सांगायचं की नाही, हे मेंबरनं ठरवायचं, अशी ती समजूत.

चांगले शिकलेसवरलेले लोक असं बोलतात तेव्हा राग येतो. ज्या गोष्टीवर आपला कायद्यानं हक्क आहे ती आपण उपकार म्हणून घेतो आणि नाही मिळाली की नशिबाला बोल लावतो. ही सवय मोडायची असेल तर कायदा काय सांगतो ते एकदा नीट पाहिलं पाहिजे.

गैरसमज : मेंबरनं सांगितलं तर कळणार, नाही तर नाही

वस्तुस्थिती : चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्याच्या पश्चिमेचं, अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीकडचं मोठं गाव. गावात पोलीस ठाणं आहे, आसपासच्या वाड्या-वस्त्यांची वर्दळ आहे, पण स्थानिक कारभार ग्रामपंचायतीचा. हा कारभार १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे चालतो. या कायद्यात ग्रामसभेला मोठं स्थान आहे. कलम ७ आणि ८ ग्रामसभेबद्दल आहेत. मतदार यादीत नाव असलेला गावातला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, वर्गणी नाही, कुणाची शिफारस नाही.

एका आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा त्यासाठी रूढ झाल्या आहेत. पुरेसं कारण नसताना सभा घेतली नाही तर सरपंच पदावर राहायला अपात्र ठरू शकतो आणि ग्रामसेवकावरही कारवाई होऊ शकते. (ग्रामसेवक या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात जुनंच नाव चालतं.) जी न घेतल्याबद्दल पद जाऊ शकतं, ती सभा मर्जीची कशी असेल?

पुढचा मुद्दा तर कुणी सांगतच नाही. कलम ८ म्हणतं की आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत पहिली ग्रामसभा घ्यायची आणि तिच्यासमोर चार गोष्टी ठेवायच्या : गेल्या वर्षाचा जमाखर्च, गेल्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम, आणि शेवटच्या लेखापरीक्षणातले आक्षेप व त्यांना दिलेली उत्तरं. यातलं चौथं नीट वाचा. सरकारी तपासनिसानं ग्रामपंचायतीच्या हिशोबात काय खोट काढली, हे गावासमोर वाचून दाखवायचं असतं. आपल्यापैकी किती जणांनी ते कधी ऐकलं आहे?

आता ही मुदत बीडच्या माणसाच्या वर्षाशी जुळवून पाहा. आपल्याकडची हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांवर जातात. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पांगतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. म्हणजे २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गावातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात. पण हिशोबाची पहिली सभा एप्रिल-मे महिन्यांत घ्यायची असते आणि तेव्हा ऊसतोड कामगार गावात असतो. वर्षभराचा जमाखर्च मांडला जातो त्या वेळी तो समोर बसू शकतो. २ ऑक्टोबरची सभाही बहुधा टोळी निघण्याआधी येते. "आम्ही तर गावात नसतोच, आम्हाला काय विचारता," असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चारपैकी तीन तारखांना बहुतेक जण गावात असतात.

ज्याला खरंच गावाला सोबत घेऊन चालायचं आहे, त्या मेंबरनं याच तारखा पकडून आपल्या प्रभागातल्या कुटुंबांना आधी सांगून ठेवलं पाहिजे. मुकादमाची उचल कधी मिळते हे ज्या घराला पाठ असतं, त्या घराला ग्रामसभेची तारीख माहीत नसते. याचा दोष एकट्या घराचा नाही.

ग्रामसभा फक्त ऐकण्यासाठी नसते

हिशोब ऐकला, टाळ्या वाजवल्या, चहा घेऊन घरी गेलो, असंही कायद्याला अपेक्षित नाही. कलम ८-अ प्रमाणे गावाचे विकासाचे आराखडे आणि कार्यक्रम ग्रामसभेनं मंजूर करायचे असतात. विकासयोजनांवर पैसा खर्च करण्याआधी तिची परवानगी घ्यायची असते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं तर ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा दिली. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली.

हे फक्त कागदावर असतं, असं म्हणणाऱ्यांसाठी शेजारच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. हिवरे बाजारही आपल्यासारखंच कमी पावसाचं गाव. पोपटराव पवार तिथे सरपंच झाल्यावर गावानं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली. किती पाऊस पडला, विहिरींची पातळी काय, प्यायला किती लागेल, उरलेल्यावर कोणती पिकं घेता येतील, हे सगळ्यांसमोर ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, असे कडक नियम लोकांनी पाळले, कारण आकडे त्यांच्यासमोर मांडले गेले होते. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान त्यांचा आहेच, पण त्यामागे माहिती ऐकून निर्णय घेणारं सगळं गाव आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. एका गावाच्या ठरावात एवढी ताकद असते.

मग मेंबरचं काम काय?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. माहिती समोर ठेवण्याची सक्ती कायद्यानं ग्रामपंचायतीवर केली आहे. मेंबरनं घरोघर जाऊन समजावून सांगावं, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. जो मेंबर हे करतो तो कायद्यापेक्षा जास्त करतो आणि त्याचं कौतुक झालंच पाहिजे. पण कौतुक त्याच्या कष्टाचं करा, माहिती दिल्याचं नको. माहिती मुळात तुमचीच होती.

आणखी एक अडचण गावाला दिसत नाही. ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे निघतात ते सरपंच आणि ग्रामसेवकाच्या सहीनं. साधा सदस्य मासिक सभेत बसतो, पण कधी कधी त्यालाही सगळा हिशोब कळत नाही. अशा सदस्याला ग्रामसभेचा सगळ्यात मोठा आधार असतो. जो प्रश्न त्यानं एकट्यानं विचारला तर "राजकारण करतो" असं म्हणतात, तोच प्रश्न शंभर लोकांसमोर आला की उत्तर द्यावं लागतं. म्हणून भरलेली ग्रामसभा प्रामाणिक मेंबरला कधीच नको नसते.

चांगल्या मेंबरकडून अपेक्षा ठेवाव्यात त्या अशा. सभेची तारीख आणि विषय आपल्या प्रभागात आधी सांगावेत. मागच्या सभेतल्या ठरावांचं काय झालं ते सांगावं. घरकुलाची किंवा कुठल्याही योजनेची यादी आली की ती भिंतीवर लागली का ते पाहावं. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणावं आणि खरंच विचारून सांगावं.

मेंबर बोलत नसेल तर

तरी दारं बंद होत नाहीत. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ४ प्रमाणे सरकारी कार्यालयानं अंदाजपत्रक, खर्च, योजनांचे लाभार्थी अशी माहिती कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायची असते. ती केली नसेल तर अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना तेही नाही. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील पंचायत समितीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करता येतं. अर्जात "सगळी माहिती द्या" असं लिहू नका. अमुक वर्षाची रोकडवही, अमुक कामाचं मोजमाप पुस्तक, अमुक सभेचं इतिवृत्त, असं नेमकं मागा.

ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांनी केंद्र सरकारचं ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ पाहावं. ते २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्चाच्या नोंदी दिसतात. त्या छापून ग्रामसभेला न्याव्यात आणि रस्त्यावर, गटारीवर, टाकीवर जे प्रत्यक्ष दिसतं त्याच्याशी पडताळून पाहाव्यात.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

"आपण गेलो नाही तर सभा होणारच नाही." एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी तेवढे लोक लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तुम्ही घरी बसलात तरी ठराव होतात, फक्त ते तुमच्याशिवाय होतात.

"रजिस्टरवर सही केली म्हणजे झालं." सही हजेरीची असते. सभेला न जाता घरी आलेल्या वहीवर सही करू नका, ती पुढे तुमची संमती म्हणून दाखवली जाऊ शकते.

"ग्रुपवर मेसेज टाकला होता की." व्हॉट्सअ‍ॅपनं सोय होते, पण नोटीस कार्यालयात आणि गावातल्या ठळक जागी लावायची आणि दवंडी द्यायची, असा नियम आहे. म्हाताऱ्या माणसाला आणि साधा फोन वापरणाऱ्या बाईलाही बोलावणं पोचलं पाहिजे.

"घरपट्टी थकली आहे, बोलायचा हक्क नाही." घरपट्टी भरलीच पाहिजे. पण ग्रामसभेचं सभासदत्व मतदार यादीवरून ठरतं, थकबाकीनं ते जात नाही.

"बायकांचं तिथे काय काम?" नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यायची असते. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. निवडून आलेली बाई सदस्य असते. तिच्या नवऱ्याला तिच्या खुर्चीत बसण्याचा अधिकार कुठल्याच कायद्यानं दिलेला नाही.

"निधी वरून येतो, त्याचं आपल्याला काय?" तो निधी गावाच्या नावानं येतो. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता, उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा होता. नळाला पाणी का नाही, हा प्रश्न विचारताना हा ६० टक्क्यांचा आकडा जवळ ठेवा.

"शहरात बरं असतं, नगरसेवकाला विचारता येतं." उलट आहे. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ साली कायद्यात आली, पण बहुतेक शहरांत ती कधी भरलेलीच नाही. प्रश्न विचारायला कायद्यानं दिलेली हक्काची सभा आज खेड्यातल्या माणसाकडे आहे.

"हिशोब मागणं म्हणजे भांडण काढणं." हिशोब मागणाऱ्याला गावात विरोधक ठरवतात, ही फार वाईट सवय आहे. ज्याचा कारभार स्वच्छ आहे त्याला हिशोब मागणारा माणूस अडचणीचा वाटत नाही, कारण भर सभेत त्याच्या स्वच्छतेवर शिक्का बसतो.

येत्या ग्रामसभेची तारीख आजच ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. जाताना शेजारच्या घरातली बाई, वस्तीवरचा ऊसतोड कामगार आणि नुकतंच मतदार यादीत नाव लागलेलं पोर, या तिघांना सोबत न्या. तिथे गेल्यावर निदान एक प्रश्न विचारा : शेवटच्या लेखापरीक्षणात कोणते आक्षेप निघाले आणि त्यांचं काय केलं? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि तुम्ही स्वतः मेंबर असाल तर कुणी विचारायच्या आत ते उत्तर वाचून दाखवा.