चहाच्या डोंगरात मुक्काम: आधी माणसे पाहा, मग खोली

बोधगया, राजगीर, नालंदा झाले की आपल्याकडचे काही गट पुढे न्यू जलपाईगुडीची गाडी धरतात आणि दार्जिलिंगच्या डोंगरात दोन-तीन दिवस राहून येतात. पैसे भिशीतून साठवलेले असतात. सोबत गुडघेदुखीची आजी, दम्याचे काका, शाळकरी मुले असतात. खोली ठरवताना मात्र भाडे किती आणि खिडकीतून डोंगर दिसतो का, एवढेच विचारले जाते. आमचे सांगणे असे, की आधी बरोबर येणारी माणसे पाहा आणि त्यांना झेपेल तीच खोली घ्या.

गाव कोणते निवडावे?

घरात म्हातारी किंवा आजारी माणसे असतील तर आम्ही दार्जिलिंगऐवजी कर्सियांग सुचवू. सिलिगुडीहून दार्जिलिंगला जाताना वाटेतच हे शांत गाव लागते. भोवती मकाईबारी, कॅसलटन, अंबुटिया असे जुने चहाचे मळे आहेत. १८८१ पासून दार्जिलिंगपर्यंत धावणारी छोटी रेल्वे याच गावातून जाते.

खरा फरक उंचीचा आहे. कर्सियांग सुमारे १,४८० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडेसेच वर. दार्जिलिंग २,००० मीटरच्या पुढे आहे. हजार मीटर वर चढले की हवा साधारण ६ अंशांनी थंड होते. म्हणजे कर्सियांग दार्जिलिंगपेक्षा तीन-चार अंशांनी उबदार. तरण्या माणसाला हा फरक कळणारही नाही, पण दमा, रक्तदाब किंवा सिकलसेल असलेल्याला तो जाणवतो. कर्सियांगला मुक्काम करून दार्जिलिंग एका दिवसात पाहून परत येता येते. अंतर तीसेक किलोमीटर आहे.

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस चांगले. जून ते सप्टेंबर टाळा. त्या दिवसांत पाऊस मुसळधार असतो आणि दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. रस्ता बंद म्हणजे दवाखान्याची वाटही बंद.

सिकलसेल असेल तर

विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे, म्हणून हे वेगळे सांगतो. तपासणीत ‘एएस’ आलेला माणूस वाहक असतो. एवढ्या उंचीवर त्याला सहसा त्रास होत नाही. ‘एसएस’ रुग्णाची गोष्ट वेगळी. थंडी, दमणूक, पाणी कमी पिणे आणि विरळ हवा, यांतल्या कशानेही त्याच्या अंगात वेदनांचा झटका उठू शकतो. त्याला नेण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टर हो म्हणाले तरी डिसेंबर-जानेवारीत नेऊ नका. ३,६३६ मीटरवरच्या संदकफूला तर मुळीच नेऊ नका. थंडीत तहान लागत नाही, म्हणून त्याला आठवणीने पाणी पाजत राहा. रोजच्या गोळ्या आणि तपासणीचे कागद हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

टीबीबद्दलही थोडे. कर्सियांगला क्षयरोग्यांसाठी जुने सॅनेटोरियम आहे. औषधे नव्हती त्या काळी टीबीच्या रुग्णाला डोंगराच्या हवेला पाठवत. आजही वस्तीत कुणी म्हणते, “हवापालट करा, बरे वाटेल.” टीबी हवेने बरा होत नाही, गोळ्यांनी बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात आणि साध्या टीबीला किमान सहा महिने घ्याव्या लागतात. सहलीसाठी एकही डोस चुकवू नका.

खोली कशी पारखावी?

डोंगरातली घरे उतारावर बांधलेली असतात. रस्त्याला लागतो तो वरचा मजला असतो आणि आपली खोली खाली दोन जिने उतरून असू शकते. ‘तळमजला’ या शब्दावर विसंबू नका. गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का आणि संडास खुर्चीसारखा बसायचा आहे का, हे आकड्यासह विचारा.

दुसरी गोष्ट ओल. धुक्यामुळे इथल्या भिंती लवकर ओलावतात आणि त्यांच्यावर बुरशी धरते. दम्याच्या माणसाला थंडीइतकीच ही बुरशी बाधते. खोलीत शिरल्यावर कुबट वास आला, कोपऱ्यात काळे डाग दिसले किंवा गादी दमट लागली तर लगेच खोली बदलून मागा. सकाळचे ऊन येणारी पूर्वेकडची खिडकी असलेली खोली दोन पैसे जास्त देऊनही परवडते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्याशी जिवाची गाठ आहे. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून झोपू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते आणि झोपेतच माणूस जातो. बंद न्हाणीघरातला गॅस गीझरही असाच घातक. गीझर गॅसचा असेल तर तो न्हाणीघराबाहेर बसवलेला हवा. नाहीतर गरम पाण्याची बादली मागवा. रात्री विजेचा हीटर, जादा रजई किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी पुरेशी आहे. अशा खोलीत दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर सगळ्यांनी ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि दवाखाना गाठावा.

चौथी गोष्ट पाणी. या डोंगरातली गावे झऱ्यांच्या पाण्यावर जगतात आणि उन्हाळ्यात टँकर लागतो. पिण्याचे पाणी खळखळून उकळलेलेच घ्या. झऱ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी तसेच पिऊ नका.

मळ्यातल्या घरी राहायचे तर

मकाईबारीच्या वस्तीत कामगार कुटुंबे आपल्याच घरात पाहुण्यांना ठेवतात. घरचे जेवण मिळते आणि पैसा थेट त्या घरात जातो. चहाची पाने खुडणाऱ्या बहुतेक बायाच असतात. पाठीवर टोपली घेऊन उतारावर दिवसभर उभ्याने काम म्हणजे काय, हे त्यांच्या घरी राहिले की कळते. तिथे पाणी जपून वापरा. त्यांना ते लांबून आणावे लागत असेल. मुलांना झुडपांवरची पाने तोडून तोंडात घालू देऊ नका, त्यांच्यावर औषध फवारलेले असू शकते. मात्र गंभीर आजारी माणूस सोबत असेल तर मळ्यात आत न राहता गावातच, मोठ्या रस्त्यालगत खोली घ्या. कर्सियांगला उपविभागीय रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी सिलिगुडीजवळच्या नॉर्थ बेंगॉल मेडिकल कॉलेजात, म्हणजे घाट उतरून जावे लागते.

फोनवर विचारायचे प्रश्न

आगाऊ पैसे भरण्याआधी कागद घेऊन बसा आणि उत्तरे लिहून घ्या:

१) गाडीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती?
२) खोलीत ऊन येते का, भिंतीला ओल आहे का?
३) पाणी विजेवर तापते की गॅसवर? गॅसचा गीझर कुठे बसवला आहे?
४) हीटर आणि गरम पाण्याचे पैसे वेगळे आहेत का?
५) रुग्णालय किती दूर, आणि रात्री गाडी मिळेल का?
६) पिण्याचे पाणी उकळून देता का?
७) रस्ता बंद झाला आणि येता आले नाही, तर पैसे परत मिळतील का?

न्हाणीघर, खिडकी आणि जिना यांचे फोटो मोबाइलवर मागवा. पलंगाचा फोटो सगळेच पाठवतात, त्यावरून खोली ठरवू नका. ही विचारपूस नकोशी वाटणाऱ्या मालकाची खोली सोडून द्या आणि दुसऱ्याला फोन लावा.