विश्लेषण : फोटो एका सेकंदात निघतो, मग पाच मिनिटे घालवून स्केच का काढायचे?

लोकलची वाट पाहताना, चहाच्या टपरीवर किंवा दवाखान्यात नंबर येईपर्यंत आपला हात आपोआप मोबाइलकडे जातो. याच पाच-दहा मिनिटांत काही जण पिशवीतून छोटी वही काढतात आणि समोर दिसेल ते रेखाटू लागतात. जगभर ‘अर्बन स्केचिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या छंदात नेमके काय आहे? चित्रकला न शिकलेल्यांना तो जमतो का?

अर्बन स्केचिंग म्हणजे काय?

जिथे आहोत तिथेच थांबून, समोर दिसते ते प्रत्यक्ष पाहून रेखाटणे. घरी येऊन फोटोवरून काढलेले चित्र यात मोजले जात नाही. ‘द सिएटल टाइम्स’ या अमेरिकी दैनिकातील मूळचे स्पॅनिश पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मध्ये अशा रेखाटनांसाठी ऑनलाइन गट सुरू केला. त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ ही संस्था उभी राहिली. मुंबई आणि पुण्यातही तिचे गट आहेत. सदस्य सुट्टीच्या दिवशी एखाद्या ठिकाणी जमतात, आपापले रेखाटतात आणि शेवटी सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी मांडून पाहतात.

नाव नवे असले तरी सवय जुनी आहे. मारिओ मिरांडा तरुणपणी चित्रांची रोजनिशी ठेवत. गोव्यातील रोजच्या आयुष्याने भरलेल्या त्यांच्या १९४९ ते १९५१ या वर्षांच्या रोजनिशा पुढे पुस्तकरूपाने आल्या.

मोबाइलमध्ये कॅमेरा असताना स्केच कशासाठी?

अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायच्या होत्या, तर काहींचे फोटो काढायचे होते. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे तुलनेने कमी आठवले. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा मात्र हा फटका बसला नाही. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायला, तर काही शब्दांचे चित्र काढायला सांगितले. चित्र काढलेले शब्द जास्त आठवले. चित्रासाठी अवघे चार सेकंद दिले तरी हा फायदा दिसला. चित्र किती सुबक आहे, याने विशेष फरक पडला नाही.

हे प्रयोग शब्दांचे होते, रस्त्यावरच्या स्केचचे नव्हेत. तरी त्यामागचे कारण इथेही लागू पडण्यासारखे आहे. चित्र काढताना वस्तूचा विचार, तिचे रूप आणि हाताची हालचाल या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. कोपऱ्यावरचा चहावाला आपण रोज पाहतो. रेखाटायला बसल्यावरच लक्षात येते, की चहा गाळताना तो एक खांदा खाली झुकवतो आणि सांडशीतले पातेले अंगाजवळ धरतो. या छंदाचा आनंद बराचसा अशा सापडण्यात आहे.

चित्रच येत नसेल तर?

‘मला सरळ रेघही मारता येत नाही,’ ही पहिली अडचण. सरळ रेघेचे काम इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात मिनी ड्राफ्टर करतो. स्केचमध्ये रेघ थोडी वाकडी असली तरी चालते. पुण्याचे प्रसिद्ध जलरंग चित्रकार मिलिंद मुळीक शिक्षणाने अभियंते आहेत. मारिओ यांनीही चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. दोघांनीही हात घडवला तो सततच्या रेखाटनातून.

सुरुवात कशी करावी?

– खिशात मावेल अशी कोरी वही आणि साधे बॉलपेन पुरेसे आहे. खोडरबर घरी ठेवा. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी रेघ मारा.

– समोरचा अख्खा चौक काढू नका. एक सायकल, एक खुर्ची, एक छत्री निवडा.

– आधी मोठे आकार, मग बारकावे. वेळ संपली तर बारकावे राहू द्या.

– माणसे हलतात. एकाच पानावर दोन-तीन रेखाटने सुरू करा. बसथांब्यावर उभा असलेला माणूस थोड्या वेळाने बहुधा पुन्हा त्याच पवित्र्यात येतो.

– कोपऱ्यात तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा.

तारीख कशासाठी?

कारण शहर थांबत नाही. मुंबईत ‘बेस्ट’ची जुनी, बिगर-वातानुकूलित डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली. त्यानंतर दीड महिन्यातच प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची होती आणि २० वर्षांची मुदत संपली. निरोपाच्या दिवशी फोटो निघतातच. पण एखाद्या साध्या मंगळवारी वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीला कोण बसले होते, टॅक्सीच्या आरशाला काय टांगले होते, याची नोंद कुणाच्या तरी वहीतच सापडते. आज पुनर्विकासाच्या वाटेवर असलेली आपली गल्लीही त्यात येऊ शकते.

परवानगी लागते का?

इमारतीचे चित्र काढल्याने किंवा ते प्रसिद्ध केल्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२ मध्ये तशी स्पष्ट सूट आहे. संरक्षण आस्थापना, विमानतळ यांसारख्या संवेदनशील जागा मात्र टाळाव्यात. खासगी आवारात सुरक्षारक्षकाला आधी विचारलेले बरे. माणसांच्या बाबतीत प्रश्न सौजन्याचा आहे. कुणी नाराज दिसले, तर पान उलटावे. अनेकदा उलटेच घडते. समोरची व्यक्ती उठून वहीत डोकावते. तेव्हा ‘माझं नाक खरंच एवढं मोठं आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे.