साहेब म्हणाले ‘पाइपलाइनमध्ये आहे’, म्हणजे नक्की काय?



बँकेत किंवा पंचायत समितीत साहेब आपल्याशी मराठीतच बोलतात, पण महत्त्वाचा शब्द नेमका इंग्रजीत येतो. आपण मान डोलावतो आणि बाहेर आल्यावर एकमेकींना विचारतो, “काय म्हणले गं ते?” अशा शब्दांमागे आपले पैसे असतात, नाहीतर एखादी तारीख असते. म्हणून ते कळलेच पाहिजेत. त्यासाठी इंग्रजी बोलता यायला हवं असं मुळीच नाही.

एक लक्षात ठेवा. अशा बोलण्याचा अर्थ शब्द सुटे करून लागत नाही. ‘हातावर तुरी दिल्या’ असं आपण म्हणतो, तेव्हा तिथं हातही नसतो आणि तुरीही नसतात. इंग्रजीतही तसंच आहे. अख्खं बोलणं एकदम शिकायचं आणि त्यावर काय विचारायचं तेही सोबत शिकायचं.

१. पाइपलाइनमध्ये आहे
म्हणजे काम सुरू आहे, झालेलं नाही. कुकडीचं आवर्तन सुटलं म्हणून टेलच्या रानात लगेच पाणी येतं का? तसंच हे. विचारा: “साहेब, फाइल आता कोणाकडे आहे? आमचा कोणता कागद राहिलाय? कोणत्या तारखेला येऊ?” सांगितलेली तारीख लिहून घ्या.

२. इन प्रिन्सिपल मंजुरी
म्हणजे तत्त्वतः होकार. पैसे अजून लांब आहेत. ‘सँक्शन’ म्हणजे कर्ज मंजूर झालं आणि ‘डिसबर्स’ म्हणजे पैसे खात्यात आले. नुसत्या होकारावर शेळ्यांचा सौदा करून इसार दिलात, तर ती बाजारातल्या तुरींची गोष्ट होईल. विचारा: “पैसे खात्यावर कधी पडतील?”

३. आउटस्टँडिंग आणि ओव्हरड्यू
या दोन शब्दांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. समजा गटानं ३ लाखांचं कर्ज घेतलं आणि त्यातले १ लाख ८० हजार फेडायचे राहिलेत. ही झाली आउटस्टँडिंग, म्हणजे एकूण बाकी. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण १० हजारांचे दोन हप्ते तारीख उलटून गेली तरी भरले नसतील, तर ते २० हजार ओव्हरड्यू, म्हणजे थकबाकी. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं ‘एनपीए’ होतं आणि गटाला पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं. विचारा: “यातली थकबाकी किती आणि ती किती दिवसांची?”

४. लीन किंवा होल्ड लावलाय
म्हणजे खात्यात पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, म्हणजे आपल्या ‘उमेद’च्या गटांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही आणि गटाच्या बचत खात्यावर लीन लावायचा नाही. तसं झालं असेल तर शांतपणे विचारा, “कोणत्या नियमानं लावलाय, लिहून द्याल का?” आणि बँक सखीला लगेच सांगा.

५. थर्टी डेज क्रेडिट
पापड, मसाल्याची मोठी ऑर्डर देणारा व्यापारी हे बोलतो. म्हणजे माल आज द्या, पैसे ३० दिवसांनी मिळतील. महिनाभर डाळ, तेल, मिरची कशातून आणायची, याचा हिशेब आधी मांडा. जमत नसेल तर म्हणा, “निम्मे पैसे ऑर्डरसोबत द्या.”

६. ऑन बिहाफ ऑफ
कागदावर सहीच्या जागी हे छापलेलं असतं. त्याचा अर्थ ‘च्या वतीने’. तिथली अध्यक्ष-सचिवांची सही अख्ख्या गटाची धरली जाते. म्हणून आधी बैठकीत ठराव, मग सही.

आणखी एक हक्काची गोष्ट. वैयक्तिक किंवा छोट्या धंद्याचं मुदत कर्ज घेताना बँकेनं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायला हवं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना हे लागू आहे. व्याज, हप्ता, इतर खर्च असं सगळं त्या कागदावर असतं आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा लागतो. मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या कागदांनाही भाषेचा हा नियम २०२२ पासून आहे. तेव्हा “मराठीतला कागद द्या” असं म्हणायला लाजू नका. वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही आणि सहीही नाही.

या आठवड्यापासून एक करूया. कानावर पडलेला प्रत्येक न कळलेला शब्द सचिवताईंनी वहीच्या शेवटच्या पानावर, ऐकला तसा मराठीत लिहायचा. स्पेलिंगची चिंता नको. ग्रामसंघाच्या बैठकीत ती वही घेऊन या. तिथं आपण एकेका शब्दाचा अर्थ लावू आणि त्यावर कोणता प्रश्न विचारायचा तेही ठरवू.

– तुमची क्षेत्र समन्वयक, कर्जत